बुजलेलें बंदर आणि टिकलेली साक्ष

वाचावयाचे भाग : यहेज्केल, अध्याय २७ वा, प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १८ वा, वचनें १ ते ११.



अलिबागेहून समुद्राच्या कडेकडेनें दक्षिणेस निघालें म्हणजे आक्षी, नागांव हीं गांवें मागें पडतात व आपण चौलास येतों. रस्त्याच्या दोहों बाजूंस नारळी-पोफळींच्या वाड्या आहेत. एखाद्या वाडीच्या गडग्यांत काळा घडीव दगड बसविलेला दिसतो, आणि तो गडग्यासाठीं घडविलेला नव्हता हें पाहतांच कळतें. थोडें पुढें गेलें म्हणजे रेवदंड्याचा तट लागतो. तटाच्या आंत राजवाडा नाहीं कीं पेठ नाहीं. तेथेंहि वाड्याच आहेत, आणि त्या वाड्यांत सातखणी नांवाचा उंच मनोरा एकटाच उभा आहे. पलीकडे कुंडलिकेच्या खाडीचें मुख, आणि त्याच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर.

ह्या भागांतील आपल्या मंडळ्यांपैकीं पुष्कळांनीं हा मार्ग शेंकडों वेळां तुडविला असेल. कोणी बाजारास, कोणी सोयऱ्यांच्या घरीं, कोणी उपासनेस. परंतु पायांखालची ही माती एके काळीं काय होती ह्याचा विचार थोड्यांनींच केला असेल. म्हणून आज मी तुम्हांस ह्या बंदराची हकीकत सांगणार आहें, आणि मग शास्त्राच्या उजेडांत तिच्यापासून आपण काय शिकावें हें तुमच्यापुढें ठेवणार आहें.

१. बंदराची हकीकत

चौलाचें जुनें नांव चेमुल. साष्टीच्या डोंगरांत कान्हेरीचीं लेणीं आहेत, तेथील शिलालेखांत चेमुलाच्या दात्यांचा उल्लेख आहे. त्यांपैकीं एक सोन्यारुप्याचा व्यवहार करणारा गृहस्थ होता. त्यानें तेथें पाण्याचें टाकें खोदवून दिलें. हे लेख सातवाहन राजांच्या काळांतील.

त्याच काळांत ग्रीक भाषा बोलणारे व्यापारी मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून आपल्या किनाऱ्यास येत. पहिल्या शतकाच्या मध्यास अशाच एका अनुभवी व्यापाऱ्यानें आपल्या समुद्रप्रवासाची माहिती ग्रीक भाषेंत लिहून ठेविली आहे. त्यानें भडोच, सोपारा, कल्याण ह्यांच्या पुढचें बंदर म्हणून आपल्या चौलाचें नांव दिलें आहे. त्याच्या जिभेवर तें ‘सेमिल्ला’ झालें. हे लोक जुलै महिन्याच्या सुमारास मिसरांतून निघत, नैऋत्येचा वारा पाठीशीं घेत, आणि पावसाळा सरतां सरतां आपल्या किनाऱ्यास लागत. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यांत लोटतात. पावसाळी वाऱ्याचें जें ज्ञान त्यांस आहे तेंच त्या परक्या तांडेलांसहि शिकावें लागलें. ते मद्य, तांबें, कथील, पोंवळें, कांचेचीं भांडीं आणीत, आणि आपल्याकडील सुती कापड, मिरीं, हस्तिदंत घेऊन जात. कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर आपणांस यवन म्हणविणाऱ्या दात्यांचीं नांवें आजहि वाचतां येतात.

पुढें दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया शहरीं टॉलेमी नांवाचा मोठा भूगोलवेत्ता झाला. त्यानेंहि ह्या बंदराचा उल्लेख केला आहे, आणि एक गोष्ट नोंदविली आहे ती मला फार आवडते. तो लिहितो कीं ग्रीक लोक ह्या शहरास ‘सिमुल्ला’ म्हणतात, परंतु तेथील लोक स्वतः त्यास ‘तिमुल’ म्हणतात. ही दुरुस्ती त्यास कोणी सांगितली? जे तेथें स्वतः गेले होते व पुष्कळ काळ तेथें राहिले होते त्यांनीं सांगितली. घरीं बसून नकाशा काढणाऱ्या पंडितानें, जाऊन राहिलेल्या माणसाच्या साक्षीपुढें मान लवविली. ही गोष्ट लक्षांत ठेवा. तिच्याकडे आपणांस परत यावयाचें आहे.

सन ९१५ च्या सुमारास बगदादचा मसूदी नांवाचा प्रवासी येथें आला. अरब लोक ह्या बंदरास ‘सैमूर’ म्हणत. येथें दहा हजारांच्या सुमारें मुसलमान राहतात, राजा हिंदु आहे, तरी त्यानें ह्या लोकांच्या आपसांतील न्यायासाठीं त्यांच्यांतलाच एक प्रमुख नेमला आहे, असें तो सांगतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशिया देशांतील त्वेर शहरचा अफनासी निकितीन हा व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला. त्याचें स्मारक अलीकडच्या काळांत रेवदंड्यास उभारलें आहे.

मग पोर्तुगीज आले. सन १५०८ मध्यें चौलासमोर मिसर व गुजरात ह्यांच्या आरमारांशीं त्यांची लढाई झाली, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयाचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तींत पडला. दुसऱ्या वर्षीं बापानें दीव येथें त्याचा सूड घेतला. सन १५२१ मध्यें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली, आणि रेवदंड्यास तटबंदीचें शहर उठलें. सन १५७०–७१ मध्यें मुर्तझा निजामशहानें त्यास मोठ्या सैन्यानिशीं वेढा दिला, पण शहर पडलें नाहीं. सन १५९४ मध्यें कोर्लईचा डोंगरहि पोर्तुगिजांच्या हातीं गेला. त्या काळीं येथें रेशमी कापड विणलें जाई, अरबस्तान व इराणचे घोडे उतरत, आणि तटाच्या आंत अनेक पंथांचीं देवळें व मठ होते.

शेवटीं सन १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतली, व सन १७४० मध्यें तहानें चौल व कोर्लईहि मराठ्यांकडे आलीं. परंतु तोंवर व्यापार पुष्कळसा निघूनच गेला होता. खाडी गाळानें उथळ होत चालली होती. उत्तरेस सुमारें तीस मैलांवर, सन १६६१ मध्यें आंदण म्हणून इंग्लंडच्या राजास दिलेलीं मुंबईचीं बेटें मोठीं होत होतीं, आणि चौलाचे विणकर आपले माग उचलून तिकडे जात होते. सन १८१८ मध्यें इंग्रजी अंमल आला तेव्हां चौल हें एक जुनें नांव राहिलें होतें. बंधूंनो, दीड हजार वर्षें ज्या बंदराचें नांव मिसर, अरबस्तान, रशिया व पोर्तुगाल ह्या देशांतील लोकांच्या तोंडीं होतें, त्याचा असा शेवट झाला.

२. चौल पापामुळें बुजलें काय?

यहेज्केल संदेष्ट्यानें सोर नगराचें जें वर्णन केलें आहे तें वाचतांना चौलच डोळ्यांपुढें उभें राहतें. समुद्राच्या प्रवेशद्वारीं बसलेलें नगर, नाना देशांचे व्यापारी, गलबतांचें लांकूड कोठलें, शिडाचें कापड कोठलें, वल्हेकरी कोठले, सर्व तो मोजून सांगतो. आणि मग तें सगळें नगर एका मोठ्या गलबताप्रमाणें भर समुद्रांत बुडतें.

कोणी उपदेशक हा अध्याय घेऊन म्हणेल, “पाहा, चौलाच्या लोकांनीं पाप केलें, म्हणून देवानें चौल बुजविलें.” माझ्या भावांनो, असें म्हणूं नका. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांपेक्षां अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न प्रभूनें स्वतः विचारला आणि स्वतःच त्याचें उत्तर नाहीं असें दिलें. चौल गाळानें बुजलें. डोंगरावरचा पाऊस माती खालीं आणतो, भरतीचें पाणी ती परत लोटतें, आणि खाडी उथळ होते. मुंबई चौलाहून अधिक धार्मिक होती म्हणून वाढली नाहीं. तिचें पाणी खोल होतें. शेजाऱ्याच्या नुकसानींत देवाचा कोप शोधणें हें आपलें काम नव्हे.

मग संदेष्टा सोरेस दोष कशाचा देतो? पुढच्याच, म्हणजे अठ्ठाविसाव्या अध्यायांत, तो तें स्पष्ट सांगतो : तिच्या व्यापारांत अन्याय शिरला, आणि तिच्या सौंदर्यामुळें तिचें अंतःकरण फुगलें. व्यापार हें पाप नव्हे, सुंदर असणें हेंहि पाप नव्हे. अन्याय व गर्व हीं पापें होत. सत्ताविसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनांत सोरेशीं व्यवहार करणाऱ्या लोकांत यावान हें नांव आहे. यावान म्हणजे ग्रीक लोक. आपल्या भाषेंतील यवन हा शब्द त्याच मुळाचा. हे लोक बाजारांत काय आणीत? तांब्यापितळेचीं भांडीं, आणि माणसें! एकाच पालांत भांडें व माणूस शेजारीं मांडलेलीं. संदेष्टा येथें मोठ्यानें ओरडत नाहीं. तो फक्त यादींत तें लिहितो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर कांटा उभा राहतो.

आपल्या किनाऱ्यावरहि असेंच घडलें. ज्यानें निजामशाही राखण्यासाठीं सारें आयुष्य वेंचलें तो मलिक अंबर हबशाणांत जन्मलेला व बाजारांत विकला गेलेला माणूस होता. पोर्तुगीज अंमलाखालील बंदरांतहि माणसांची खरेदीविक्री चाले, आणि विकणारे घेणारे रविवारीं देवळांत गुडघे टेकीत. हें मी दुसऱ्या पंथाच्या लोकांस हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. ज्यांच्या हातीं शुभवर्तमान होतें त्यांच्याच हातीं तराजूहि होता, आणि दोहोंची भेट त्यांनीं कधीं होऊं दिली नाहीं, एवढेंच माझें सांगणें आहे. आपल्या घरीं तरी ती भेट होते काय?

३. एका वाडीची गोष्ट

आतां एक गोष्ट सांगतों. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण तें सांगण्याची गरज नाहीं.

आज चौलाचें पाणी परत फिरल्यासारखें झालें आहे. सन १९८१ मध्यें आपल्या कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, तेव्हां मुंबईहून येणें म्हणजे अर्ध्या दिवसाचें काम असे. सन २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली, आणि सन २०२४ च्या जानेवारींत शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंत समुद्रावरचा लांब पूल खुला झाला. तेव्हांपासून, पूर्वीं जेथें बैलगाडी जाण्यास नाखुष असे, तेथें मोटारी येऊन उभ्या राहतात, आणि जिच्या नारळांवर वर्षाचें मीठमिरची कसेंबसें चाले त्या वाडीचा भाव ऐकून मालकास रात्रीं झोंप येत नाहीं.

आपल्या मंडळींतील अशाच एका घरचे वडील बंधु मजकडे आले. तीन भावांची सामाईक वाडी; त्यांतला मधला भाऊ वारलेला. ते म्हणाले, “पाळकसाहेब, गिऱ्हाईक चांगलें आहे. साठेखताच्या आधीं प्रार्थना करा.”

मीं विचारलें, “दादा, सातबाऱ्यावर कोणाकोणाचीं नांवें आहेत?”

“आम्हां दोघां भावांचीं, आणि मधल्या वहिनीचें.”

“वहिनींना किंमत सांगितली आहे काय?”

ते कांहीं बोलले नाहींत. बाहेर पाऊस पडत होता. तो ऐकत आम्ही दोघेहि बसलों. मग ते म्हणाले, “त्यांना काय समजतें? त्यांनीं अंगठा दिला म्हणजे झालें. आम्हीं त्यांस उपाशीं का ठेवणार आहों?”

मीं म्हटलें, “दादा, प्रार्थना मी करीन. पण ती वहिनींच्या पडवींत, त्यांच्यासमोर, आणि किंमतीचा आंकडा मोठ्यानें सांगितल्यावर. तसें नको असेल तर मजजवळ तुमच्यासाठीं प्रार्थना नाहीं.”

ते रागानें उठून गेले. पुढचा रविवार ते उपासनेस आले नाहींत, त्याच्या पुढचाहि आले नाहींत. मंडळींतील कांहीं जण मला म्हणाले, “घरच्या व्यवहारांत पाळकानें पडूं नये. वर्गणी देणारें घर दुखावलें.” त्या दिवसांत माझेंहि मन डळमळलें, हें मी देवासमोर व तुमच्यासमोर कबूल करितों. तिसऱ्या आठवड्यांत ते स्वतः आले व म्हणाले, “चला.” वहिनींच्या पडवींत आम्ही बसलों. त्यांनीं आंकडा सांगितला. ती बाई पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, “भाऊजी, एवढे पैसे मला मोजतांहि येणार नाहींत. पण तुम्हीं सांगितलेंत, हें बरें केलेंत.” वाडी विकली गेली. वहिनींचा हिस्सा त्यांच्या नांवें जमा झाला, आणि विहिरीजवळचा एक तुकडा त्यांनीं आपल्या मुलीसाठीं राखून ठेविला.

वाडी विकावी कीं राखावी हें मी तुम्हांस सांगत नाहीं. कोणाच्या घरीं आजार आहे, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणाच्या मुलास शिकावयाचें आहे. शास्त्र विक्रीस बंदी करीत नाहीं. परंतु ज्या कागदावर विधवेचा अंगठा तिच्या नकळत उमटतो, तो कागद सोरेच्या यादींतलाच एक कागद आहे. तेथें माणूस भांड्याच्या शेजारीं मांडला गेला.

४. काय उरलें?

आतां चौलाकडे परत या, आणि काय उरलें तें पाहा. तट उरला, पण त्याच्या आंत कोणी राज्य करीत नाहीं. तोफा गंजल्या. देवळांचीं छपरें गेलीं. तरी तीन गोष्टी उरल्या, आणि त्या तिन्हींत मोठें सामर्थ्य नव्हतें.

पहिली, त्या चेमुलकर दात्याचें टाकें. त्यानें जन्मभर किती सोनें तोललें हें कोणी जाणत नाहीं. त्याचें दुकान कोठें होतें हेंहि कोणी दाखवूं शकत नाहीं. परंतु आपण कधीं भेटणार नाहीं अशा तान्हेल्यासाठीं त्यानें खडक खोदविला, आणि त्याचें नांव त्या खडकावर राहिलें. कान्हेरीच्या टाक्यांत आजहि पावसाचें पाणी सांठतें. तो आपल्या धर्माचा नव्हता. पण तान्हेल्यास दिलेल्या पेलाभर पाण्याविषयीं प्रभूनें काय सांगितलें आहे तें आठवा, आणि लाजा.

दुसरी, आपले बेने इस्राएल शेजारी. त्यांची परंपरा सांगते कीं नवगांवाजवळ त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली. ते मराठी बोलूं लागले, तेलाचे घाणे चालवूं लागले, येथल्या गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं. पण शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. परमेश्वर एकच आहे ही ग्वाही देणारी लहानशी प्रार्थना तेवढी त्यांच्या तोंडीं राहिली होती, आणि तिच्यावरून ते शेंकडों वर्षांनंतर ओळखले गेले. सन १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशास गेलीं. सगळें बुडालें असतां एक प्रार्थना व एक दिवस ह्यांनीं एक सबंध समाज तारला.

तिसरी, कोर्लई. सन १७४० मध्यें पोर्तुगीज सैन्य निघून गेलें. डोंगराच्या पायथ्याशीं गरीब ख्रिस्ती कुटुंबें राहिलीं. त्यांस ना राजा होता, ना तोफ. आज पावणेतीनशें वर्षांनंतरहि त्या गांवचे सुमारें हजार लोक आपसांत पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या मिश्रणानें झालेली आपली निराळी बोली बोलतात, आणि त्यांचें देऊळ चालू आहे. ज्या देवळांचें रक्षण तोफांनीं केलें तीं ओस पडलीं. ज्याचें रक्षण आयांनीं मुलांस शिकविलेल्या प्रार्थनेनें केलें तें टिकलें.

ह्यांच्या जोडीस निकितीनाची गोष्ट ठेवा. वाटेंत लुटारूंनीं त्याचीं पुस्तकें नेलीं. परक्या देशांत त्यास पुनरुत्थानाचा सण केव्हां येतो हेंच कळेना. तो आपल्या रोजनिशींत हळहळून तसें लिहितो, आणि अंदाजानें दिवस मोजून उपवास धरतो. मंडळी नाहीं, पुस्तक नाहीं, घंटा नाहीं. तरी एकटा माणूस बोटांवर दिवस मोजीत आहे. आपलीं मुलें मुंबईस, पुण्यास, आखाती देशांत जातात. तेथें त्यांचीं पुस्तकें कोणी चोरीत नाहीं. बांधवांनो, तीं दिवस तरी मोजतात काय? आणि आपण त्यांस निघतांना काय बांधून देतों? सुक्या मासळीची पिशवी देतों, तिच्याबरोबर घरची प्रार्थनाहि देतों काय?

५. करिंथ व आपले उपदेशक

ज्या शतकांत त्या ग्रीक व्यापाऱ्यानें आमच्या सेमिल्लेचें नांव लिहिलें, त्याच शतकाच्या मध्यास पौल करिंथास आला. करिंथहि बंदराचेंच शहर. त्यास दोन बंदरें होतीं, एक पश्चिमेस व एक पूर्वेस. पूर्वेकडील किंख्रिया, जेथील मंडळीची सेविका फीबी होती. रोमी सैन्यानें ख्रिस्तापूर्वीं १४६ साली तें शहर जाळलें, व ख्रिस्तापूर्वीं ४४ साली युलियस कैसरानें तें पुन्हा वसविलें. म्हणून तेथें नवा पैसा, नवे लोक, आणि नवा माज होता. पौल तेथें तंबू शिवीत राहिला. अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं तो स्वतःच्या हातांनीं काम करी. तो घाबरलाहि होता. नाहींतर, भिऊं नको, असें प्रभूला त्यास रात्रीं सांगावें लागलें नसतें. ह्या नगरांत आपले लोक पुष्कळ आहेत, असें प्रभूनें त्यास सांगितलें, आणि तो दीड वर्ष तेथें राहिला.

येथें मला उपदेशक बंधूंशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. तुमच्यापैकीं एक जण मजकडे येऊन म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या गांवांत सात घरें उरलीं. तरुण सगळे मुंबईस गेले. मी म्हाताऱ्यांस व मुलांस शिकवितों. मला मोठ्या ठिकाणीं पाठवा.” त्यांचें दुःख खरें आहे. तें मी हलकें करीत नाहीं. परंतु सातांवरून आठवा कीं बेने इस्राएलांच्या परंपरेंतहि सात पुरुष व सात स्त्रियाच होत्या. आणि टॉलेमीची गोष्ट आठवा. त्या शहराचें खरें नांव त्यास कोणी सांगितलें? जो जाऊन पुष्कळ काळ राहिला त्यानें. दोन रविवार येऊन गेलेला मोठा वक्ता तुमच्या गांवास ‘सिमुल्ला’ म्हणून जाईल. तुम्ही त्यास ‘तिमुल’ म्हणतां. कोणत्या घरीं सासू आजारी आहे, कोणाचा मुलगा दारूस लागला, कोणत्या विधवेचा सातबारा कोणाच्या पेटींत आहे, हें तुम्हांसच ठाऊक आहे. त्या गांवास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारणारा माणूस देवानें तेथें ठेविला आहे. तो तेथून उठला तर हांक कोण मारील?

करिंथची मंडळी काहीं फार पवित्र नव्हती हेंहि विसरूं नका. प्रभुभोजनाला श्रीमंत आधीं येऊन खात, आणि दिवसभर राबून उशिरा येणारा मजूर भुकेला राही. पौलानें ह्यावरून त्यांस कडक शब्दांनीं दोष दिला. आपल्या लग्नाच्या पंगतींत पहिली पंगत कोणाची असते? पूर्वींच्या जातीची रांग अजून आपल्या सतरंजीवर दिसते काय? ज्यास उत्तर ठाऊक आहे त्यानें तें मनांत द्यावें.

आज करिंथचीं जुनीं बंदरेंहि निकामी झालीं आहेत. सन १८५८ च्या भूकंपानंतर लोकांनीं जुनें स्थान सोडून समुद्राजवळ नवें शहर वसविलें. जुन्या करिंथांत खांब उभे आहेत, जसे रेवदंड्यांत तट उभे आहेत. परंतु त्या शहरच्या भांडखोर, चुकणाऱ्या, गरीब मंडळीस एका तंबू शिवणाऱ्यानें लिहिलेलीं पत्रें आपण दर वर्षीं आपल्या कौलारू देवळांत मराठींत वाचतों. करिंथचे जहाजमालक कोण होते हें आज कोण सांगूं शकेल?

६. समारोप

म्हणून, प्रिय जनहो, पुढच्या वेळीं रेवदंड्याच्या तटाखालून जातांना थोडे थांबा. त्या दगडांस तुच्छ मानूं नका. ज्यांनीं ते रचले तींहि आपल्यासारखींच माणसें होतीं, आणि त्यांनाहि वाटलें होतें कीं हें कायम राहील. ते दगड काढून आपल्या घरास लावूं नका. तीं आपल्या मुलांचीं पुस्तकें आहेत. आणि मग घरीं जाऊन तीन गोष्टी करा. वाडीचा किंवा घराचा व्यवहार चालला असेल, तर ज्याचा हिस्सा आहे त्यास सगळा आंकडा सांगा. मूल दूर देशीं असेल, तर ह्या आठवड्यांत त्याच्याशीं बोलतांना पगाराची चौकशी झाल्यावर त्याच्या प्रार्थनेचीहि चौकशी करा. आणि शेजारी कोणत्याहि धर्माचा असो, त्याच्या तहानेसाठीं एक टाकें खोदा; मग तें टाकें पाण्याचें असो, औषधपाण्याचें असो, कीं आजाऱ्याजवळ जागून काढलेल्या एका रात्रीचें असो.

खाडीचा गाळ आपण थांबवूं शकत नाहीं. शहरें येतील व जातील. आज मुंबईचें पाणी खोल आहे, उद्यां कोणाचें असेल तें देव जाणे. परंतु न्यायानें केलेला व्यवहार, विसरली न गेलेली प्रार्थना, आणि परक्यासाठीं खोदलेलें टाकें ह्यांवर गाळ चढत नाहीं.

हे प्रभो, तूं सरोवराच्या कांठीं जाळीं धुणाऱ्या माणसांस बोलाविलेंस. आमच्या ह्या किनाऱ्यावरील लहान मंडळ्यांस दृष्टिआड करूं नको. आमचे तराजू सरळ कर. आमच्या दूर गेलेल्या मुलांस राख. जे उपदेशक एकटे आहेत त्यांस तुझ्या लोकांची गणना दाखीव, म्हणजे ते भिणार नाहींत. आणि आमच्या मागें उरावयाचें तें तुझ्या नांवास शोभेल असें असूं दे. आमेन.